अक्का थांबतात तेव्हा

सुलक्षणाअक्का कीर्तनात जिथे थांबतात, तिथे आमच्या दिंडोशीच्या देवळातले पंखेसुद्धा हळू फिरायला लागतात असं मला नेहमी वाटतं. वाटतं एवढंच. पंखे आपल्या गतीनेच फिरत असणार. पण अक्का एखादा चरण उलगडत उलगडत वर नेतात, चिपळ्या छातीशी धरतात, डोळे मिटतात आणि गप्प होतात. पेटी थांबते, तबला थांबतो. एक श्वास आत, एक श्वास बाहेर, एवढाच वेळ. मग मागून, उजव्या बाजूने, झांजेच्या एका ठोक्यासकट धोंडूचा आवाज यायचा, "विठ्ठऽल!" आणि सगळं देऊळ त्याच्यामागे उसळायचं.

बेचाळीस वर्षं तो पहिला विठ्ठल धोंडूचा. कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. मध्ये गिरणी बंद पडली, धोंडू वॉचमन झाला, लालबागची खोली सुटली आणि इकडे देवळासमोरच्या बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड आलं. पण एकादशी आली की संध्याकाळी पाच वाजता तो अक्कांच्या मागे उभा. मूळचा देवगडकडचा. नवीन गावात, मोठ्या सभेत अक्का कधी बावरल्या, तर कानाशी येऊन म्हणायचा, "अक्का, तू गा गो. मी मागे आसंय."

दीड वर्षापूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. तहान लागली तरी 'पाणी' म्हणता येईना. सुनेचं नाव ओठांपर्यंत यायचं आणि तिथेच विरायचं. डॉक्टर म्हणाले, डोक्यात बोलण्याची जागा वेगळी आणि गाण्याची वेगळी, कधीकधी गाण्याची वाचते. धोंडूची वाचली होती, पण ते कळलं अक्कांमुळे. त्या भेटायला आल्या, खाटेशी बसून दोन ओळी गुणगुणल्या आणि सवयीने थांबल्या. धोंडूच्या वाकड्या ओठांतून स्वच्छ शब्द आला, "विठ्ठऽल." त्याची सून अस्मिता भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन धावत बाहेर आली.

तो एकच शब्द त्याच्याकडे उरला होता. आणि तोही अक्का थांबल्या तरच यायचा. मी थांबून पाहिलं, अस्मिताने थांबून पाहिलं. धोंडू आमच्याकडे नुसता प्रेमाने बघत राहिला.

मी नंदकुमार. टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं काढली, त्यातली वीस कानाला हेडफोन लावून लोकांच्या लायनी तपासण्यात. निवृत्त झाल्यावर दोनच नाद उरले, कीर्तन ऐकायचं आणि भंगारात निघालेले कंप्यूटर जिवंत करायचे. म्हणून हे काम माझ्याकडे आलं. देवळापासून धोंडूच्या खिडकीपर्यंत साठ पावलं. वायर सोडावी तर सोसायटीने नुकताच रंग काढलेला, सेक्रेटरी भिंतीला हात लावू देईना. फोनवरून करून पाहिलं, तर फोन झांजेला गोंगाट समजतो आणि गिळून टाकतो. शेवटी एक जुना लॅपटॉप घेतला आणि त्यात लिनक्स घातलं. ही मोकळी प्रणाली, जगभरच्या लोकांनी लिहिलेली. कुणीही घ्यावी, कुणीही दुरुस्त करावी, प्रसादासारखी. लॅपटॉपची स्वतःची वायफाय मेलेली होती, म्हणून त्याच्या कुशीला नखाएवढी वायफायची स्टिक लावली. एक माइक आणि स्पीकर देवळातल्या कंप्यूटरला, एक माइक आणि स्पीकर धोंडूच्या उशाशी, ह्या लॅपटॉपला.

पहिल्या एकादशीला अक्का थांबल्या आणि मागच्या रिकाम्या जागेत ठेवलेल्या स्पीकरमधून धोंडू बोलला. अक्कांनी वळून पाहिलं नाही. चिपळ्या तेवढ्या एकदा कपाळाला लावल्या.

वर्षभर असं सुखाने चाललं. मग एक दिवस धोंडूच्या चादरी धुवायला टाकताना ती स्टिक लॅपटॉपमधून निसटून चादरीच्या घडीत गेली आणि मशीनमध्ये तासभर फिरून आली.

"काका, स्वच्छ झाली बघा," अस्मिता म्हणाली. हसत होती, पण डोळे भरलेले.

"होऊ दे गं. दुसरी आणू. त्यात काय!"

दुसरी आणली. तेच नाव, तोच डबा, डब्यावरचं हिरवं चित्रही तेच. लावली, चालली. पुढच्या एकादशीला अक्का थांबल्या, आणि मागून काहीच आलं नाही. देऊळ वाट बघत राहिलं. कोणीतरी खाकरलं. शेवटी पेटीवाल्याने बिचकत गजर धरला.

कीर्तन संपल्यावर अस्मिता जिना उतरून धापा टाकत आली. "काय झालं? बाबा बोलले! माझ्यासमोर बोलले, स्पष्ट! आणि मग तुम्ही लोक उशिरा का सुरू झालात?"

"आम्हाला ऐकूच आलं नाही गं."

"असं कसं? माणूस बोलला तर ऐकू नको यायला?"

पुढच्या एकादशीला तेच. त्यापुढच्याही. अस्मिता सांगायची, धोंडू आपला शब्द म्हणतो आणि स्पीकरकडे बघत राहतो. मागून देऊळ येत नाही. मग काहीतरी चुकल्यासारखा भिंतीकडे तोंड करतो.

अक्कांनी मला घरी बोलावलं. ऐंशीला एक कमी, पण पाठ अजून ताठ. माझ्यापुढे कोकमाचं सरबत ठेवलं.

"नंदू, खरं सांग. तो गप्प झालाय ना?"

"नाही अक्का. अस्मिता सांगते ना..."

"अस्मिता गुणाची पोर आहे. मला बरं वाटावं म्हणून सांगते." त्यांनी चिपळ्यांची घुंगरं बोटाने सारखी केली. "हे बघ, कीर्तन म्हणजे भाषण नव्हे. मी हाक मारते, पलीकडून कुणीतरी ओ द्यावी लागते. ओ नाही आली तर मी बोलते कोणाशी?"

"पेटीवाला देतो की."

"तो लोकांना देतो. धोंडू मला द्यायचा." मग म्हणाल्या, "कार्तिकीपर्यंत बघते. नाही जमलं तर चिपळ्या देवापुढे ठेवीन. राग नाही हो, कोणावर राग नाही. पुरे झालं म्हणायचं."

मी सरबत न संपवताच उठलो. कार्तिकी अडीच महिन्यांवर होती.

मग रोज दुपारी मी धोंडूकडे जायला लागलो. अक्कांच्या प्रत्येक कीर्तनाचं रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं. देवळातल्या कंप्यूटरवर ते लावायचं, साठ पावलं चालून वर यायचं, खाटेशी बसून ऐकायचं. एकदाही तुटलं नाही. अक्कांचा आवाज नदीसारखा यायचा. माइकपाशी मी टाळी वाजवली तर ती देवळात पोचायची. सगळं ठाकठीक. फक्त एकादशीला वाट लागायची. भिंतीला दोष दिला, राउटरला दिला, देवळातल्या गर्दीला दिला. धोंडू माझ्याकडे बघत पडलेला असायचा, डाव्या हाताची बोटं चादरीवर हलत असायची.

असे तीन आठवडे गेले. एक दिवस अस्मिता तांदूळ निवडत दारात बसली होती. म्हणाली, "काका, एक विचारू? रागावणार नाय ना?"

"विचार."

"तुमच्या ह्या रेकॉर्डिंगातल्या अक्का थांबतच नाहीत. मग बाबा बोलणार कधी?"

मी देवळात जाऊन रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं.

गोष्ट अशी की, रेकॉर्डिंग मी वसाहतीच्या ग्रुपवर टाकायचो. लोक म्हणायचे, फाइल फार मोठी होते, काका. कंप्यूटरात एक बटण असतं, दाबलं की आवाजातल्या सगळ्या रिकाम्या जागा तो आपणहून कापून टाकतो. मी ते प्रत्येक वेळी दाबायचो. अठ्ठेचाळीस मिनिटांचं कीर्तन एकेचाळीस मिनिटांत बसवल्याबद्दल स्वतःची पाठही थोपटून घ्यायचो. सात मिनिटं. अक्का एका कीर्तनात सात मिनिटं गप्प असतात, आणि ज्या सात मिनिटांसाठी मी स्वतः पस्तीस वर्षं पहिल्या रांगेत बसलो, तीच मी कचरा म्हणून काढून टाकत होतो.

मूळ फाइली सुदैवाने पुसल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्यातली एक लावली आणि धावत वर आलो. लॅपटॉपच्या कुशीला त्या स्टिकवर मुगाएवढा निळा दिवा लुकलुकत होता. अक्का चरण वर नेत होत्या. थांबल्या. दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला.

"विठ्ठऽल," धोंडू म्हणाला.

दिवा विझलेलाच. एक, दोन, तीन, चार, पाच. मग तो डोळे चोळत उठल्यासारखा लागला, तोवर तिकडे गजर सुरू झालेला होता.

मला हसावं का रडावं कळेना. कीर्तनात डुलक्या काढणारे मी जन्मभर पाहिलेत. खांबाला टेकून बसतात, आवाज चालू असला की जागे, बुवा थांबले की मान खाली. ही स्टिक त्यांच्यातलीच निघाली. दोन्हीकडे शांतता झाली की माझी यंत्रणा काहीच पाठवायची नाही, आणि काही येत-जात नाही असं बघून ती वीज वाचवायला झोपून जायची. जुनी स्टिक जागी राहायची. नवीला मी मधूनमधून रिकामे निरोप पाठवून पाहिले. तिने रिकाम्या निरोपांना भीक घातली नाही. धोंडूचा माइक सतत उघडा ठेवून पाहिला, तर अक्कांच्या निरूपणात अस्मिताच्या कुकरची शिट्टी देवळातून घुमली आणि दोन आजोबांनी सवयीने "विठ्ठल" म्हटलं. दुसऱ्या कंपनीची स्टिक आणली. डबा निळा, नाव वेगळं, उघडून पाहिलं तर आत तीच चिप.

तेव्हा मी मुळाशी गेलो. कुठलाही असा तुकडा कंप्यूटरशी बोलायला एक दुभाषी लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. जुन्या स्टिकमधली चिप ज्या कंपनीची होती, तिने आपल्या चिपची भाषा कागदावर लिहून सगळ्यांना देऊन टाकली होती. कुणा भल्या माणसाने ती वाचून लिनक्ससाठी दुभाषी लिहिला. नव्या डब्यावर नाव तेच ठेवून आत दुसरीच चिप घातलेली. तिची भाषा कंपनीने कुलपात ठेवलेली. लिनक्सवाल्यांनी अंदाजाने अर्धामुर्धा दुभाषी तयार केला होता, आणि त्या लिखाणात एका ठिकाणी कुणीतरी टिपण टाकलं होतं, त्याचा अर्थ असा: हिच्या झोपेचं काही कळलेलं नाही, ज्याला कळेल त्याने सांगावं.

ती ओळ मी किती वेळा वाचली असेन! कुठल्या देशात, कुठल्या खिडकीशी बसून त्या माणसाने ती लिहिली असेल. आणि तीन वर्षं ती तशीच थांबून होती, कोणी ओ देईल म्हणून.

त्या नव्या चिपच्या कंपनीला पत्र लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. आपली प्रणाली आमच्या यादीत नाही, गैरसोयीबद्दल क्षमस्व.

"एवढं म्हणायला दोन दिवस?" माझी बायको वसुधा म्हणाली.

पण उत्तराच्या खाली नाव होतं, शर्मिष्ठा. आणि पत्ता अंधेरीचा. मी राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा भरून घेतला आणि मेट्रो धरली.

एमआयडीसीतली काचेची इमारत. सिक्युरिटीवाल्याने विचारलं, "अपॉइंटमेंट?" मी म्हटलं, "नाही. प्रसाद आहे." तो चक्रावला, त्याने वर फोन लावला. अर्ध्या तासाने तिशीतली एक मुलगी खाली आली, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर 'आता हे कोण' असा भाव.

मी तिला सगळं सांगितलं. अक्का, धोंडू, निळा दिवा, कुकर. कुकरला ती हसली आणि मग समोरच्या सोफ्यावर बसलीच.

"काका, माझी आजी बोरिवलीला कीर्तनाला जाते. तुम्ही म्हणता ते थांबणं मला माहितीये. मी लहानपणी नेमकी तिथेच झोपायचे."

"मग तुझा आणि ह्या स्टिकचा स्वभाव जुळतोय."

"आम्हीच बनवली ना!" मग ती गंभीर झाली. "हे बघा, खोटं नाही बोलणार. कागद आहे आमच्याकडे, चारशे पानांचा. झोपेचं पान मी स्वतः वाचलंय. पण ते बाहेर द्यायचं नाही अशी माझी सही आहे. सही मोडून मी तुम्हाला काही सांगणार नाही."

"मोडू नकोस. मी त्यासाठी आलो नाही. मी फक्त विचारायला आलो की, ते कुलपात का आहे?"

"खरं सांगू? आता कोणालाच माहीत नाही. कधीतरी कुणीतरी लावलं, नंतर उघडायचं काम कोणाचंच राहिलं नाही."

"आणि मी माझ्या घरी, माझ्या वायरीवर, तुमचा दुभाषी तिच्याशी काय बोलतो ते ऐकलं तर? चोरी होईल का ती? मला चोरीच्या दुरुस्तीवर विठ्ठल नको."

"तुमच्या घरातलं बोलणं तुम्ही ऐकायला चोरी कसली? ऐका की. पण मला 'बरोबर का' असं विचारू नका. निदान इतक्यात नको. मी वर विचारते, रीतसर. किती दिवस लागतील त्याचं नाव काढू नका." उठताना तिने डबा उघडून एक लाडू घेतला, मग थांबली. "दोन घेऊ? एक आजीला."

वसुधा घरी शिकवण्या घेते. तिच्या कंप्यूटरवर कंपनीच्या यादीतली, ती मानाची प्रणाली. त्यात स्टिक लावली की कंपनीचा स्वतःचा दुभाषी तिच्याशी बोलायचा, आणि ती कधी झोपायची नाही. मधल्या वायरीवरून जे जाई ते टिपून घ्यायची सोय मी केली. टिपलं गेलं ते नुसत्या आकड्यांचं. पानंच्या पानं आकडे. माझे डोळे आता तेवढे चालत नाहीत.

"वसुधा, वाचून दाखवशील?"

"हे? अहो, पाढे तरी बरे!" पण तिने चष्मा लावला.

दुपारी तीन ते पाच, तिची मुलं येईपर्यंत, ती मास्तरणीच्या आवाजात आकडे वाचायची आणि मी आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकायचो. लायनी तपासताना मी असाच ऐकायचो, अर्थ सोडून. आमच्यामागे डोंगराच्या पलीकडे फिल्म सिटी. तिथे शूटिंगसाठी धूर सोडतात, वारा इकडचा असला की तो पांढरा, गोडसर वासाचा धूर झाडांवरून उतरत आमच्या गॅलरीपर्यंत येतो. त्या दिवशी आला होता. वसुधा वाचत होती. सहा, शून्य, अकरा, दोन. मला वाटलं मी देवळात आहे. देवळात धुकं भरलंय आणि रांगांनी माणसं बसलीत, पण डोकी दिसत नाहीत, डोक्यांच्या जागी मुगाएवढे निळे दिवे. अक्का दूर कुठेतरी गात होत्या. दिवे एकेक करून विझत होते. आणि रांगांमधून धोंडू चालत होता, दोन्ही पायांनी, हातात झांज, पण ती न वाजवता. दिवा विझायला आला की तो वाकून खांद्याला हात लावायचा, दिवा पुन्हा लागायचा. तो पुढे जायचा, पुन्हा वाकायचा. एकदा माझ्यापाशी आला. वाकला. मला त्याच्या अंगाचा बुक्क्याचा वास आला.

"वसुधा! आत्ता काय म्हणालीस?"

"अरे देवा! मी इथे घसा कोरडा करत्येय आणि तुम्ही घोरताय!"

"नाही, नाही. ते आत्ताचं परत म्हण."

"चार, सात, सात, शून्य, नऊ."

"हे मघाशीही आलं. त्याच्याआधीही. धृपदासारखं परत परत येतंय."

तिने मागची पानं उलटली. पेन्सिलीने खुणा करत गेली. अठरा ठिकाणी. आणि दर वेळी, त्याच्या आधी वायर गप्प होत आलेली असायची.

तेवढेच आकडे मी लिनक्सच्या दुभाष्यात घातले. अस्मिताला धोंडूच्या उशाशी बसवलं आणि मूळ रेकॉर्डिंग लावलं. अक्का थांबल्या. दिवा लागलेलाच! धोंडूचा विठ्ठल सरळ देवळात पोचला. अस्मिताने टाळ्या वाजवल्या. पण पुढच्याच थांब्याला दिवा पुन्हा विझला. घड्याळ लावून पाहिलं. हात लावल्यावर, म्हणजे ते आकडे पाठवल्यावर, स्टिक बरोबर चाळीस सेकंद जागी राहायची, मग झोप. नंतर कितीदा हात लावला तरी उठायची नाही. आकडे उलटेपालटे करून पाहिले, काही उपयोग झाला नाही. त्या आकड्यांच्या मागे काय होतं ते कुलपातल्या पानावर होतं, आणि ते ऐकून कळण्यासारखं नव्हतं.

जिथे लिनक्सवाले एकमेकांना निरोप लिहितात, तिथे मी सगळं मांडलं. हे इतकं ऐकू आलं, पुढचं कळत नाही, इथे एक म्हातारा उत्तर द्यायला थांबला आहे. शर्मिष्ठाला काही विचारलं नाही. फक्त ते लिखाण कुठे आहे एवढं कळवलं.

दिवाळी आली, गेली. उत्तर नाही. अक्कांनी कार्तिकीचं निरूपण लिहायला घेतलं नव्हतं. "बघू," म्हणाल्या, "जुनंच एखादं म्हणेन." चिपळ्यांना नवीन घुंगरं लावायची होती, तीही लावली नाहीत.

कार्तिकीच्या सकाळी पूजा आटोपून मी कंप्यूटर उघडला. सगळ्यांना दिसेल असं, कंपनीच्या पत्त्यावरून, चार ओळींचं उत्तर आलेलं होतं. आकडे बरोबर आहेत. त्यांच्या पुढच्या जागी शून्य लिहा, म्हणजे चाळीस सेकंदांची मोजणी बंद होते. आम्ही तपासलं आहे. खाली, त्या लोकांच्या रीतीप्रमाणे, तपासणाऱ्याचं नाव. शर्मिष्ठा.

मला वेगळं पत्र होतं: "काका, अकरा जणांच्या सह्या लागल्या. बाकीचा कागद अजून बंदच आहे, पण हे एक पान मोकळं झालं. आजी विचारते, लाडू कोणी केले?"

मी चप्पल न घालता धोंडूकडे गेलो.

संध्याकाळी देऊळ भरलं. उदबत्ती, झेंडू, तुळशीच्या माळा. अक्कांना मी काहीच सांगितलं नव्हतं. आकड्यांवर माझा भरवसा होता, धोंडूच्या तब्येतीवर नव्हता. त्या दिवशी सकाळपासून त्याने डोळे नीट उघडले नव्हते. अक्का उभ्या राहिल्या. पूर्वरंग धरला, हरवलेल्या गुराची वाट बघणाऱ्या गुराख्याचा दृष्टांत घेतला. तो हाक मारतो, डोंगर नुसती त्याचीच हाक परत देतो, आणि तो म्हणतो, ही माझी नको, मला त्याची हवी. आवाज वर गेला. चिपळ्या छातीशी आल्या. डोळे मिटले.

थांबल्या.

एक श्वास आत. एक बाहेर.

काही नाही.

पेटीवाल्याचा हात भात्याकडे गेला. अक्कांचे डोळे मिटलेलेच होते, पण चिपळ्यांवरचं एक बोट वर उठलं. थांब. पेटीवाला थिजला. कुणी खाकरलं नाही. पंखे, मी शपथेवर सांगतो, हळू झाले. अजून अर्धा श्वास.

"विठ्ठऽल."

बारीक, थोडासा घोगरा, पण आमचा धोंडू. त्या एका शब्दावर देऊळ जे उठलं, त्यात मला माझा स्वतःचा आवाज ऐकू आला नाही. अक्का वळल्या. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कीर्तन चालू असताना त्या मागे वळल्या, आणि रिकाम्या जागेतल्या त्या काळ्या स्पीकरला त्यांनी हात जोडले. वर खिडकीत अस्मिता उभी होती. नंतर तिने सांगितलं, धोंडूचा डावा हात चादरीवर झांज धरत होता, गजर संपेपर्यंत.

स्टिक जागीच होती, दिवा एकदाही विझला नाही. उशीर झाला तो धोंडूला. शब्द गोळा करायला आता त्याला आधीपेक्षा अर्धा श्वास जास्त लागतो. ते मी प्रसादाच्या वेळी अक्कांना समजावून सांगायला लागलो, तर म्हणाल्या, "अरे, ते मला माहीत नाही का? मी थांबले की नाही? अर्धा श्वास जास्त थांबायला माझं काय जातंय! तू जा, बुक्का घेऊन वर जा आधी."

दुसऱ्या दिवशी मी ती दुरुस्ती लिनक्सवाल्यांकडे रीतसर पाठवली, म्हणजे ज्या कोणाकडे तशी स्टिक असेल त्याची जागी राहील. त्या लांबच्या माणसाचं, तीन वर्षांपूर्वी टिपण टाकणाऱ्याचं, उत्तर आलं. घेतली, आणि प्रत्यक्ष वापरून कोणी पाहिली त्याचंही नाव कळवा. मी शर्मिष्ठाच्या नावाखाली एक ओळ वाढवली, धोंडू, दिंडोशी.

चिपळ्यांना नवीन घुंगरं लागली आहेत. रेकॉर्डिंग मी अजूनही ग्रुपवर टाकतो, पण ते बटण दाबत नाही. कीर्तन आता पन्नास मिनिटांचं भरतं. परवाच कुणीतरी लिहिलं, "नंदूकाका, फाइल खराब आहे का? मध्ये मध्ये बंद पडते."

मी उत्तर लिहिलं, "बंद पडत नाही. जरा थांब, धोंडू येतोय."